तुम्ही तेव्हा नक्की कुठे उभे होतात? जुन्या खेळाडूंच्या आठवणी नोंदवायला निघालेल्यांसाठी

मौखिक इतिहास (माणसांच्या तोंडून आठवणी नोंदवून मांडलेला इतिहास) शिकायला अमेरिकेत येऊ पाहणारी मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात, की विषय म्हणून खेळाडू घेतले तर काम सोपं जाईल का? तर्क समजण्यासारखा आहे. पुढारी तोलूनमापून बोलतात. दंगल किंवा फाळणी सोसलेल्या माणसांना बोलतं करणं जिवावर येतं. खेळाडू मात्र भेटल्या भेटल्या सांगायला लागतात, हातवारे करतात, खुर्चीतून उठून दाखवतात, दोन तास कसे गेले कळत नाही. हे सगळं खरं आहे आणि अडचण नेमकी तिथेच आहे. जो माणूस चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलाय, तो तुम्हालाही तीच सांगतो. तुम्ही खूश होऊन घरी येता आणि रेकॉर्डरमध्ये नवीन काहीच नसतं.

मी मूळची साताऱ्याची. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका विद्यापीठात एम.ए. करायला आले, तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना पूर्ण पाहिला नव्हता. आज माझं बरंचसं काम याच खेळाच्या जुन्या कॉलेज खेळाडूंवर आहे. त्यामुळे खेळ येत नाही म्हणून घाबरलेल्यांना आधीच सांगते, ती भीती सोडा. खेळ न येणाऱ्या परदेशी मुलीला म्हातारे खेळाडू जे समजावून सांगतात, ते इथल्या पत्रकाराला कधीच सांगत नाहीत. त्याला सगळं माहीत असणार, असं ते धरून चालतात.

मी अभ्यासाला घेतलेला पहिला सामना म्हणजे १९८४ चा ऑरेंज बोल, हंगामाअखेरचा कॉलेज फुटबॉलचा एक मानाचा सामना. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २ जानेवारी १९८४ ची रात्र, मायामीचं ऑरेंज बोल स्टेडियम. एका बाजूला नेब्रास्का विद्यापीठ: सलग बारा सामने जिंकलेला, क्रमवारीत पहिला, सामन्यामागे सरासरी ५२ गुण करणारा संघ. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न, क्वार्टरबॅक (चाल सुरू करून पास देणारा खेळाडू) टर्नर गिल, आणि त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळवलेला माइक रोझिअर. दुसऱ्या बाजूला यजमान मायामी विद्यापीठ, क्रमवारीत पाचवा. प्रशिक्षक हॉवर्ड श्नेलेनबर्गर, आणि क्वार्टरबॅक बर्नी कोसार, ज्याचा खेळण्याचा तो पहिलाच हंगाम होता. पहिल्या सत्रातच मायामी १७-० ने पुढे. नेब्रास्काने १७-१७ केले. मायामी पुन्हा ३१-१७ वर गेला. रोझिअर घोटा दुखावून बाहेर बसला आणि त्याच्या जागी आलेल्या जेफ स्मिथने शेवटच्या सत्रात दोन टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडणं, त्याचे सहा गुण). त्यातला दुसरा, ४८ सेकंद उरलेले असताना, चौथ्या डाउनवर, म्हणजे पुढे सरकण्याच्या शेवटच्या प्रयत्नात, आठ यार्ड हवे असताना २४ यार्ड धावून.

धावफलक ३१-३०. टचडाउननंतर जादा गुणांसाठी एक प्रयत्न मिळतो. आता ऑस्बोर्न यांच्यापुढे दोन वाटा होत्या. चेंडू किक मारून खांबांमधून घालवला तर एक गुण आणि बरोबरी. कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ १९९६ च्या हंगामापासून सगळीकडे लागू झाला, तेव्हा नव्हता. म्हणजे सामना बरोबरीत सुटला असता आणि एकही पराभव नसलेल्या नेब्रास्काला बहुतेक अजिंक्यपद मिळून गेलं असतं. दुसरी वाट म्हणजे तीन यार्डांवरून पुन्हा एकदा गोलरेषा ओलांडायची, दोन गुण घ्यायचे आणि सामना जिंकायचा. ऑस्बोर्न यांनी दुसरी वाट धरली. गिलचा पास स्मिथकडे निघाला, मायामीच्या केनी कॅलहूनचा हात मध्ये आला, चेंडू भरकटला. मायामी ३१, नेब्रास्का ३०. मायामीचं ते पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद.

मी ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते नेब्रास्काच्या त्या संघातले एक राखीव खेळाडू. नाव देत नाही, मुलाखत त्यांच्या अटींवर ठेवलेली आहे. ते ‘वॉक-ऑन’ होते, म्हणजे शिष्यवृत्ती नसताना, स्वतःच्या खर्चाने संघात आलेले. नेब्रास्कात अशा मुलांची मोठी परंपरा आहे. मक्याच्या शेतांमधल्या बारक्या गावांतून मुलं लिंकनला, विद्यापीठाच्या शहरात, यायची, वर्षानुवर्षं फक्त सराव करायची आणि संघाच्या गणवेशात मैदानाच्या कडेला उभं राहायला मिळालं तरी गावात त्यांचा मान वाढायचा.

त्यांनी मला तो दोन गुणांचा प्रयत्न सांगितला तो असा, की मी लिहून घ्यायचं विसरले. गिलने पाऊल कसं टाकलं, स्मिथ कसा वळला, कॅलहून कुठून आला, त्याची बोटं चेंडूला कशी लागली, चेंडूची दिशा कशी बदलली. सगळं लख्ख. मी तो उतारा जसाच्या तसा शोधनिबंधाच्या मसुद्यात घातला आणि मार्गदर्शक बाईंकडे नेला. त्यांनी वाचला आणि एवढंच विचारलं, “हे गृहस्थ तेव्हा कुठे उभे होते?”

आता हा सापळा मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण नव्याने काम सुरू करणारे बहुतेकजण यातच अडकतात, आणि अडकलोय हे कित्येकांना पुस्तक छापून झाल्यावरही कळत नाही.

मैदान डोळ्यांसमोर आणा. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० यार्ड. राखीव खेळाडूंची जागा मैदानाबाहेर, बाजूच्या रेषेला लागून, लांबीच्या मधल्या भागात. दोन गुणांचा प्रयत्न होतो एका टोकाला, गोलरेषेपासून तीन यार्डांवर. म्हणजे आमचे गृहस्थ त्या जागेपासून कितीतरी यार्ड दूर, मैदानाच्याच पातळीवर उभे. त्यांच्या आणि त्या खेळाच्या मध्ये त्यांचेच डझनावारी सहकारी, हेल्मेट घातलेले, खांदे-संरक्षकं लावलेले, प्रत्येकजण पुढे वाकून पाहतोय. मैदानात बावीस धिप्पाड माणसं. या कोनातून पाठी दिसतात, गर्दी दिसते, फार तर हवेतला चेंडू क्षणभर दिसतो. कोणाची बोटं चेंडूला लागली हे दिसत नाही. त्यांनी मला जे सांगितलं ते वरून, कॅमेऱ्याच्या जागेवरून दिसणारं दृश्य होतं.

ते खोटं बोलत नव्हते. हे नीट लक्षात घ्या, कारण इथे दुसरी चूक होते: आपण त्या माणसावर अविश्वास दाखवायला लागतो. त्या रात्रीपासून आजपर्यंत ती चित्रफीत त्यांनी किती वेळा पाहिली असेल याचा हिशेब नाही. दर जानेवारीत टीव्हीवर दाखवतात, संघाच्या स्नेहमेळाव्यात दाखवतात, नातवंडं मोबाइलवर लावून ‘आजोबा तुम्ही कुठे आहात यात’ म्हणून विचारतात. प्रत्येक वेळी मूळ आठवणीवर एक हात रंगाचा बसतो आणि खालचा रंग माणसाला स्वतःलाही दिसेनासा होतो.

याचा अभ्यास झालेला आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान फुटलं. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कोणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना तेच विचारलं. अनेकांची उत्तरं पार बदललेली होती, आणि ‘मी टीव्हीवर पाहिलं’ म्हणणारे वाढले होते. आपली आठवण पक्की आहे याबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही. हे तीन वर्षांत. आपण चाळीस वर्षांबद्दल बोलतोय.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम नियम: ज्या क्षणासाठी सामना प्रसिद्ध आहे, त्या क्षणाबद्दल पहिल्या बैठकीत विचारायचं नाही. अजिबात नाही. समोरचा तिकडे वळला तरी ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि हळूच परत सकाळकडे न्यायचं. त्या दिवशी उठलात कधी, खोलीत कोण होतं, बसमध्ये कुठे बसलात, अंगात काय होतं, खाल्लं काय. एकदा का ती प्रसिद्ध गोष्ट पूर्ण सांगून झाली, की पुढचं सगळं तिच्याच भाषेत येतं. मग माणूस साक्षीदार राहत नाही, निवेदक होतो.

त्या गृहस्थांकडे मी पुन्हा गेले. या वेळी कोरा कागद आणि पेन्सिल दिली आणि म्हटलं, मैदान काढा, आणि तुम्ही जिथे होतात तिथे खूण करा. त्यांनी चौकोन काढला, रेषा मारल्या, बाकं दाखवली, मग पेन्सिल थांबली. बराच वेळ थांबली. मी विचारलं, “पायाखाली काय होतं?” हा प्रश्न मी मुद्दाम तयार करून नेला होता. लिंकनमधल्या त्यांच्या घरच्या मैदानावर तेव्हा कृत्रिम गवत होतं आणि मायामीत खरं. ते म्हणाले, माती. बुटांच्या तळाला ओली माती बसायची, ते सारखे बाकाच्या कडेवर बूट घासत होते. मग एकेक यायला लागलं. जानेवारीत लिंकनमध्ये हाडं गोठतात आणि इथे घामाने आतला सदरा अंगाला चिकटलेला. पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या खांद्यामुळे गोलरेषेचा अर्धा भाग झाकलेला. आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्याच्यावर माझा पुढचा सगळा निबंध उभा राहिला: त्यांना पास दिसलाच नव्हता. आधी ऐकू आला तो आवाज. स्टेडियम मायामीचं, प्रेक्षक मायामीचे. एवढ्या मोठ्याने ते ओरडले, त्यावरून या गृहस्थांना कळलं की आपण हरलो.

हे कुठल्याही चित्रफितीत नाही. चित्रफितीत आवाज आणि चित्र एकत्र येतं. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या राखीव मुलासाठी आवाज आधी होता आणि चित्र नंतर, हॉटेलवर परतल्यावर, टीव्हीवर.

यावरून निघालेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न वहीतून खोडून टाका. तो वार्ताहरांचा प्रश्न आहे आणि त्याला वार्ताहरांसाठीचंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘मग काय झालं’, ‘कोण जवळ होतं’, ‘हात कुठे होते’ असं विचारा. समोरचा गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा. आपल्याकडे शांतता लगेच भरून काढायची सवय असते, पाहुण्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून आपण काहीतरी बोलतो. इथे ते करू नका. चित्रफीत दाखवायची असेल तर दुसऱ्या बैठकीत, आणि तीसुद्धा आवाज बंद करून. समालोचकाचा आवाज सुरू असला की माणूस त्याच्याशी सहमत व्हायला लागतो.

सरावाबद्दल विचारा. याचं कारण फार साधं आहे: सरावाला कॅमेरे नव्हते. त्या सामन्यात नेब्रास्काने एक युक्ती केली होती. चेंडू मुद्दाम जमिनीवर सोडून द्यायचा, सगळे एका बाजूला धावल्याचं नाटक करायचं आणि डीन स्टाइनकुलर या भल्यामोठ्या गार्डने (गार्ड एरवी चेंडू घेऊन पळत नाही, समोरच्यांना अडवतो) तो उचलून दुसऱ्या बाजूने पळायचं. तो १९ यार्ड पळाला आणि टचडाउन झाला. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिलीय आणि सगळे ती सारख्याच शब्दांत सांगतात. पण आठवडेच्या आठवडे सरावात नेब्रास्काच्या मुख्य संघासमोर मायामी बनून कोण उभं राहत होतं? हेच राखीव आणि वॉक-ऑन खेळाडू. प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकून आपल्याच संघावर त्या करून दाखवणं हे त्यांचं काम. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांच्या बोलण्यातला पाठांतराचा सूर गेला. ते अडखळायला लागले, स्वतःचंच वाक्य दुरुस्त करायला लागले. अडखळणं ही चांगली खूण आहे. गुळगुळीत वाक्य आलं की सावध व्हा, अडखळलेलं आलं की रेकॉर्डर चालू आहे ना ते बघा.

दुसरा एक थर असतो, तो नंतर कळलेल्या गोष्टींचा. आपण या सामन्याला सहज ‘अजिंक्यपदाचा सामना’ म्हणतो. तेव्हा तसा अधिकृत अंतिम सामना नव्हताच. पत्रकार आणि प्रशिक्षक मतदान करायचे आणि विजेता ठरायचा. पाचव्या क्रमांकाचा मायामी पहिला कसा झाला? त्याच दिवशी डॅलसला दुसऱ्या क्रमांकाचा टेक्सास जॉर्जियाकडून १०-९ असा हरला. चौथ्या क्रमांकाच्या इलिनॉयला यूसीएलएने ४५-९ असं धुतलं. तिसऱ्या क्रमांकाचा ऑबर्न मिशिगनविरुद्ध ९-७ जिंकला, तरी मतदारांनी मायामीला वर नेलं. म्हणजे शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मैदानावर नाचणाऱ्या मायामीच्या मुलांना आपण अजिंक्य ठरलोय हे खात्रीने माहीत असणं शक्य नव्हतं. एखादा मायामीचा खेळाडू म्हणाला, ‘त्या क्षणी कळलं, आपण देशात पहिले’, तर वाद घालू नका. विचारा, ऑबर्नचा निकाल तुम्हाला कोणी सांगितला? कुठे होतात तेव्हा? तिथून खरी रात्र सुरू होते.

ऑस्बोर्न यांच्या निर्णयाचंही तेच. आज त्या निर्णयाची थोरवी सगळे सांगतात. पुढे त्यांनी १९९४, १९९५ आणि १९९७ या हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्यातलं पहिलं तर त्याच ऑरेंज बोलमध्ये, त्याच मायामीला २४-१७ असं हरवून. एवढं सगळं नंतर घडल्यावर १९८४ च्या त्या निर्णयाकडे कोणीही वेगळ्याच नजरेने बघणार. ‘आमच्यातल्या एकाच्याही मनात बरोबरीचा विचार आला नाही’ हे वाक्य मी जवळजवळ त्याच शब्दांत अनेकांकडून ऐकलंय. खरंही असेल. पण शब्द इतके जुळतात तेव्हा ते वाक्य त्या रात्रीचं कमी आणि नंतरच्या मेळाव्यांचं जास्त असतं, असं माझं मत झालंय.

मग टीव्हीवरून आलेली आठवण फेकून द्यायची का? नाही, कधीच नाही. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्यांचं गाव आहे. १९४९ मध्ये तिथे नाटोविरोधी मोर्चात लुइजी त्रास्तुली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे गावातल्या कामगारांच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ मध्ये, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळच्या आंदोलनात झाला असं सांगितलं. तारीख चुकीची, पण त्या चुकीतून गावाच्या मनात कोणती जखम मोठी होती ते कळलं. आमच्या शाखेत हे उदाहरण सगळ्यांना शिकवतात आणि योग्यच करतात. फक्त चूक अर्थपूर्ण आहे असं म्हणण्याआधी ती चूक आहे हे तुम्हाला माहीत असावं लागतं. त्यासाठी त्या काळची वर्तमानपत्रं, सामन्याचा अधिकृत चाल-दर-चाल तक्ता, संघाचे फोटो, सगळं आधी वाचून जा. वाचून जा आणि मुलाखतीत त्यातलं काही बोलू नका. तुम्ही बोललात तर समोरचा भला माणूस तुमच्या माहितीशी आपली आठवण जुळवून घेतो.

दोन्ही संघांकडे जाणार असाल तर आणखी एक तयारी ठेवा. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांचा एक फार धसमुसळा सामना झाला होता. प्रिन्स्टनच्या डिक कॅझमायरचं नाक मोडलं, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. नंतर दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या मुलांना दिसलेल्यांच्या दुपटीहून जास्त होते. फिल्म तीच. एका बाजूची मुलाखत घेऊन निष्कर्ष लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मार्गदर्शकांबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. मुलाखतींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं प्रकरण वाचून अभिप्राय देणारे प्राध्यापक पुष्कळ भेटतील. ध्वनिमुद्रण ऐकणारे फार थोडे. प्रवेश घेण्याआधी सरळ ईमेल करून विचारा, की तुम्ही विद्यार्थ्यांचं रेकॉर्डिंग ऐकता का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे बघा, विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. माझ्या बाईंनी माझी पहिली मुलाखत अख्खी ऐकली होती, म्हणून त्या एका प्रश्नात मला जागं करू शकल्या. कागदावर तो उतारा निर्दोषच दिसत होता.

तसंच शॉर्टकटचं. आता सॉफ्टवेअर मिनिटाभरात पूर्ण मुलाखतीचा उतारा काढून देतं. वापरा, मीही वापरते, पण तो पहिला खर्डा समजा. ते सॉफ्टवेअर अडखळणं गाळून टाकतं, थांबणं गाळून टाकतं, अर्धवट शब्द सोडून देतं. आपल्याला जे हवंय तेच नेमकं जातं. एका तासाच्या मुलाखतीला हाताने उतरवायला पाच-सहा तास लागतात, उच्चार ओळखीचे नसतील तर जास्त. निदान पहिल्या काही मुलाखती तरी स्वतः उतरवा. कान तयार व्हायला दुसरा रस्ता नाही. आणि फोनवर, व्हिडिओ कॉलवर मुलाखती उरकून मोकळं व्हायचा मोह टाळा. पेन्सिल थांबली ते मला व्हिडिओ कॉलवर दिसलं नसतं.

परवानगीच्या कागदांबद्दल फार घाबरू नका. अमेरिकेत २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत मौखिक इतिहासाला मानवी सहभागाच्या संशोधनाच्या सरकारी नियमावलीतून वगळलं आहे. तरी तुमच्या विद्यापीठाच्या समितीला लेखी विचारून ठेवा. प्रत्येक ठिकाणी पद्धत वेगळी. संमतीपत्र मात्र सगळीकडे हवंच, आणि ते मुलाखतीनंतर त्याच दिवशी सही करून घ्या. आवाज डब्ल्यूएव्ही या पूर्ण दर्जाच्या स्वरूपात साठवा, एमपीथ्रीवर भागवू नका, आणि दोन वेगवेगळ्या जागी ठेवा.

आता पोटापाण्याचं, आणि हे मी आडपडदा न ठेवता सांगते. इतिहासाची पदवी एसटीईएममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नाही. शिक्षण संपल्यावर तुम्हाला ओपीटीचे, म्हणजे अमेरिकेत काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, इंजिनिअरिंगवाल्या मित्रांना मिळणारे पुढचे २४ महिने मिळत नाहीत. कर्ज काढून, शिष्यवृत्ती किंवा टीएशिपशिवाय (शिकवण्यात मदत करून मिळणाऱ्या मानधनाशिवाय) या विषयाला येणार असाल तर माझा सल्ला आहे, येऊ नका. एक वर्ष थांबा, पुन्हा अर्ज करा. आईवडिलांचं घर किंवा जमीन तारण ठेवून हा विषय शिकण्यात अर्थ नाही. मी शिक्षण संपल्यावरच्या त्या वर्षी रात्र-रात्र जागून नोकऱ्यांचे अर्ज भरलेत, आजही जानेवारी आला की पोटात गोळा येतो. पण विद्यापीठांची अभिलेखागारं, संग्रहालयं, क्रीडाविभागांचे संग्रह इथे जागा निघतात, आणि आवाज नीट नोंदवता येणारा, उतारा नीट करणारा माणूस त्यांना मिळत नसतो. काम चोख असेल तर एक मुलाखत दुसरीकडे नेते. आमच्या गृहस्थांनीच पुढे मला त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन नंबर दिले.

आणि अमेरिकेत यायलाच हवं असं थोडंच आहे? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल सामन्यांना आजही माणसं मावत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या तालमींकडून पन्नास वर्षांपूर्वी खेळलेले वस्ताद अजून कट्ट्यावर बसतात. तिथे सापळा थोडा वेगळा आहे. त्या सामन्यांच्या चित्रफिती नाहीत, म्हणजे टीव्हीचा रंग चढलेला नाही. पण तालमीच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं सांगून सांगून एकाची आठवण दहाजणांची होते, आणि ज्या गोलबद्दल तुम्ही विचारता तो प्रत्येकाने मैदानावरून पाहिलेला असतो, जो त्या दिवशी गावात नव्हता त्यानेसुद्धा. तिथे मुलाखत तालमीत घेऊ नका. चारजण बसले की बोलणं पेठेचं होतं. अण्णांच्या घरी जा, दुपारी, एकटे असताना. वहिनींनाही बसू द्या. सामन्याच्या दिवशी घरात काय चाललं होतं ते त्याच सांगतील. आणि अण्णांना गोल विचारायच्या आधी विचारा, की बूट कोणाचे होते, स्वतःचे की मागून आणलेले?

मुंबईत कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही जुनी फुटबॉल स्पर्धा खेळलेली पिढी थकत चालली आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा आपल्याच मुंबईचे. त्या काळातल्या खेळाडूंबद्दल आपल्याकडे गोलांची यादी आहे, त्यांच्या आवाजातलं फार थोडं. हे काम करायला अमेरिकन पदवी लागत नाही. चांगला रेकॉर्डर, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली बघायची चिकाटी आणि गप्प बसायची तयारी लागते.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट, ती राहून जाते म्हणून सांगते. दुसऱ्या बैठकीची तारीख पहिल्या बैठकीतून उठतानाच ठरवून घ्या, जमल्यास आठवड्याच्या आत. पहिल्या बोलण्याने माणूस ढवळला जातो. दोन-तीन रात्रींनी त्याला काहीतरी आठवतं आणि ते सांगायला समोर कोणी नसलं तर तो पुन्हा नेहमीच्या गोष्टीवर जातो. आणि त्याचं काढलेलं मैदानाचं चित्र घरी नेऊ नका, फोटो काढा आणि कागद त्याच्याकडेच ठेवा. पुढच्या भेटीला जाल तेव्हा त्यावर नव्या खुणा झालेल्या असतात.